सारखा थकवा येतो? आधी रक्त तपासून घ्या

सुगी संपली. मळणी झाली, कडबा रचून झाला, धान्य घरात येऊन पडलं. चार दिवस निवांत मिळाले, तरी घरातल्या बाईचा थकवा काही जात नाही. सकाळी उठतानाच अंग जड. पाण्याची घागर डोक्यावर घेऊन चढण चढली की छाती भरून येते. दुपारी निंदताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात. संध्याकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या डोळा लागतो नि भाकरी करपते. मग सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी आम्ही दळण दळून, पाणी भरून रानात जात होतो. आजकालच्या पोरींना कामच नको!" नवराही तेच म्हणतो. आणि तीही मनाशी म्हणते, खरंच का मी आळशी झाले?

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरात, शेजारीपाजारी अशी कुणी आहे का, जरा आठवून पाहा. बहुतेकांना एक तरी चेहरा आठवेलच. आज आपण तिच्याविषयीच बोलू. तिच्याबरोबर घरातल्या कर्त्या पुरुषाविषयी, म्हाताऱ्या माणसांविषयी आणि शाळेत जाणाऱ्या पोरींविषयीही.

थकवा कोणता कामाचा, कोणता दुखण्याचा?

दिवसभर ऊस तोडला, कांदा भरला, तर थकायला होणारच. तो थकवा रात्री पोटभर जेवून झोपलं की सकाळी उतरलेला असतो. दुखण्याचा थकवा वेगळा. झोप होऊनही तो जात नाही. काम नसलेल्या दिवशीही राहतो. गेल्या वर्षी जे काम सहज होत होतं, त्याच कामाला यंदा दोनदा बसावं लागतं. असं दोन-तीन आठवडे सतत चाललं तर समजावं, की शरीर काहीतरी सांगतं आहे.

बैल नांगराला चालेनासा झाला तर आपण लगेच त्याचे डोळे पाहतो, जीभ पाहतो, शेण पाहतो, गुरांच्या डॉक्टरला बोलावतो. त्याला आळशी म्हणून सोडून देत नाही. घरातल्या माणसाची तेवढी तरी चौकशी व्हायला हवी, नाही का?

सर्वांत मोठं कारण: अंगात रक्त कमी

आपल्या रक्तात तांबड्या रंगाचा एक पदार्थ असतो. त्याला हिमोग्लोबिन म्हणतात. फुप्फुसातला प्राणवायू उचलून अंगाच्या कानाकोपऱ्यात पोचवणं हे त्याचं काम. हिमोग्लोबिन म्हणजे प्राणवायूच्या बैलगाड्या म्हणा ना! गाड्या कमी पडल्या की माल पोचत नाही. मग हातपाय गळतात, आणि कमी गाड्यांच्या जास्त खेपा कराव्या लागत असल्यामुळे हृदय धडधडतं, धाप लागते.

या गाड्या बनतात लोहापासून. अन्नातून पुरेसं लोह मिळालं नाही, किंवा अंगातून रक्त जात राहिलं, की रक्तक्षय होतो. यालाच जुनी माणसं पंडुरोग म्हणत, डॉक्टर ॲनिमिया म्हणतात.

बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असावं. गरोदरपणी ११ च्या खाली येऊ नये. पुरुषाचं १३ च्या वर असावं. प्रत्यक्षात काय आहे? २०१९ ते २०२१ या काळात देशभर कुटुंब आरोग्य पाहणी झाली. १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांमध्ये ५७ जणींना रक्तक्षय असल्याचं तीत दिसलं. महाराष्ट्रात हा आकडा ५४ च्या आसपास होता. म्हणजे विहिरीवर दहा जणी पाणी भरायला आल्या, तर त्यांतल्या पाच-सहा जणींचं रक्त कमी! पुरुषांतही दर चौघांमागे एक.

घरच्या घरी काय पाहाल?

सकाळच्या उजेडात डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून आतून पाहा. ती तांबूस हवी. फिकट पांढरट दिसली तर शंका घ्या. जीभ, ओठ नि तळहात पाहा. नखं फिकट आहेत का, मध्ये खोलगट, चमच्यासारखी झाली आहेत का, तेही पाहा.

आणखी एक खूण अशी, की जिचं रक्त कमी असतं तिला कधी कधी माती, खडू, भिंतीचा पोपडा किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. घरातली माणसं हसतात, पोरीला रागावतात. रागावू नका. तिला तपासायला न्या.

डोळ्यांनी पाहून फक्त अंदाज येतो. खरी गोष्ट कळते बोट टोचून केलेल्या तपासणीनं. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. गावात आरोग्यसेविका येतात तेव्हाही होते. दोन मिनिटांचं काम आहे. आकडा मात्र कागदावर लिहून घ्या आणि तो कागद रेशनकार्डाबरोबर जपून ठेवा. पुढं औषधाचा गुण आला की नाही, ते त्या आकड्यावरूनच समजतं.

रक्त जातं कुठं?

पहिलं कारण ताटातलं. आपल्याकडे घरातली बाई शेवटी जेवते. पुरुषांचं झालं, मुलांचं झालं, पाहुण्याचं झालं, मग पातेल्याच्या तळाशी उरलेली आमटी नि भाकरी तिच्या वाट्याला. भाजी बहुधा संपलेलीच. आता हिशेब पाहा. आपल्याकडच्या आहारतज्ज्ञांनी २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार पुरुषाला दिवसाला १९ मिलीग्रॅम लोह लागतं आणि बाईला २९. म्हणजे जिला दीडपट हवं, तिलाच सर्वांत कमी मिळतं.

दुसरं कारण मासिक पाळी नि बाळंतपणं. पाळीत अंगावरून फार जात असेल, सात दिवसांहून जास्त चालत असेल, गाठी पडत असतील, तर ती "बायकांची जातच तशी" म्हणून सोसायची गोष्ट नाही. त्यावर उपचार आहेत. आणि एका बाळंतपणाची झीज भरून यायच्या आत दुसरं पोर पोटात राहिलं, तर आईचं अंग रितंच राहतं. दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर ठेवा, असं सांगतात त्यामागे हेही कारण आहे.

तिसरं कारण जंत. यांतला अंकुशकृमी शेतकऱ्याचा खास वैरी. उघड्यावर शौचाला बसल्यानं त्याची अंडी मातीत जातात. ओल्या मातीत अळ्या होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून त्या अंगात शिरतात. मग आतड्याला चिकटून महिनोन्महिने रक्त पितात. एक जंत थोडंच पितो, पण शेकडो असले तर? म्हणून शेतात वहाण घाला, संडास वापरा, आणि मुलांना शाळेत-अंगणवाडीत फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये मिळणारी जंताची गोळी चुकवू नका. मोठ्यांनीही डॉक्टरांना विचारून ती घ्यावी. गरोदर बाईनं मात्र पहिल्या तीन महिन्यांत घेऊ नये.

चौथं कारण ऐकून नवल वाटेल. ते म्हणजे चहा! जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या चहा घेतला, तर भाकरी-भाजीतलं लोह अंगी लागत नाही. शेतावर भाकरी खाल्ली की लगेच चहाची किटली फिरते. चहा सोडा असं आम्ही म्हणत नाही, ते कुणी ऐकणारही नाही. फक्त जेवण आणि चहा यांत तासा-दीड तासाचं अंतर ठेवा. एवढ्यानंही फरक पडतो, आणि याला पैसा लागत नाही.

बाटलीचा हिशेब

आता एक घरची गोष्ट सांगतो. आमच्या नात्यातल्या एक काकू. वय चाळिशीचं. दर महिन्या-दोन महिन्यांनी त्यांना "अशक्तपणा" यायचा. मग मोटारसायकलवर बसवून तालुक्याच्या एका दवाखान्यात न्यायचं, तिथं "ताकदीची बाटली" लावायची, वर एक लाल रंगाचं इंजेक्शन द्यायचं. दोन दिवस बरं वाटायचं. पुन्हा ये रे माझ्या मागल्या! तीन वर्षं असं चाललं. एक शेळी त्यात विकली गेली. या तीन वर्षांत कुणी त्यांचं रक्त तपासलं नाही.

शेवटी लेकीच्या बाळंतपणासाठी काकू सरकारी रुग्णालयात गेल्या होत्या. तिथल्या परिचारिकेनं त्यांचा चेहरा पाहिला नि लेकीबरोबर त्यांचंही बोट टोचलं. हिमोग्लोबिन निघालं साडेसहा! पाळीत फार रक्त जात होतं. ते त्यांनी लाजेखातर कुणाला सांगितलंच नव्हतं. उपचार झाले, गोळ्या सुरू झाल्या. चार महिन्यांनी काकू पुन्हा खुरपं घेऊन बांधावर उभ्या राहिल्या. एवढंच म्हणाल्या, "मला वाटत होतं, माझं वय झालं."

मंडळी, त्या बाटलीत काय असतं ते नीट समजून घ्या. अर्ध्या लिटरच्या ग्लुकोजच्या साध्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाचएक चमचे. बाकी पाणी. मिठाची बाटली असेल तर साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चमचाभरही नाही. एका ज्वारीच्या भाकरीत त्या बाटलीहून जास्त शक्ती असते! लोहाचा त्यात कणही नसतो. ज्याला जुलाब-उलट्या होऊन पोटात पाणी ठरत नाही, त्याला बाटली जीव वाचवते. पण नुसत्या थकव्यावर ती लावायला कुणी सांगितलं तर आधी विचारा, "डॉक्टरसाहेब, माझं रक्त किती आहे?" हा प्रश्न विचारायला लाजू नका.

ताटात काय वाढाल?

शक्तीसाठी महागडे डबे आणायची गरज नाही. आपल्या रानात नि परड्यात पुष्कळ आहे.

पालेभाज्या: माठ, राजगिरा, शेवग्याचा पाला, चवळीचा पाला, मेथी, अंबाडी, हरभऱ्याचा कोवळा पाला. दिवसातून एकदा तरी भाजी हवी, आणि ती बाईच्या ताटात हवी.

कडधान्यं: मटकी, हुलगे, चवळी, मसूर, हरभरा. भिजवून मोड आणून खा. मोड आणल्यानं त्यांतलं लोह अंगी लागायला सोपं जातं. आंबवलेली आंबीलही याच कारणानं चांगली.

बाजरी: गव्हापेक्षा नि तांदळापेक्षा बाजरीत लोह बरंच जास्त. "धनशक्ती" नावाचा बाजरीचा वाण महाराष्ट्रात २०१२ साली प्रसारित झाला आहे. त्याच्या किलोभर दाण्यात सुमारे ७१ मिलीग्रॅम लोह असतं. बियाणं घेताना चौकशी करा. विकायला काहीही पेरा, पण घरच्या खाण्यापुरते चार तास या बाजरीचे असू द्या.

तेलबिया नि लाडू: तीळ, कारळ्याची चटणी, शेंगदाणे, अळिवाचे लाडू. बाळंतिणीला अळीव देण्याची आपली जुनी रीत चांगलीच आहे. फक्त ती बाळंतपणापुरती न ठेवता थंडीभर चालू ठेवावी.

सामिष खाणाऱ्यांसाठी: कलेजी, मटण, सुकट, बोंबील. यांतलं लोह सर्वांत लवकर अंगी लागतं. सणावारी मटण शिजलं तर कलेजीचा तुकडा घरातल्या लेकी-सुनांच्या वाटीत पडतो का, तेवढं पाहा.

आणि या सगळ्यावर लिंबू पिळायला विसरू नका. लिंबू, आवळा, पेरू, कैरी यांतल्या क जीवनसत्त्वामुळं वनस्पतींतलं लोह कितीतरी जास्त शोषलं जातं. उसळीवर लिंबू, भाकरीबरोबर आवळ्याची ताजी चटणी, मधल्या वेळी पेरू. एवढं केलं तरी पुष्कळ.

शक्य असेल तिथं भाजी लोखंडी कढईत शिजवा. ॲल्युमिनियमच्या भांड्यांनी ती कढई माळ्यावर गेली आहे, ती खाली काढा. टोमॅटो, कैरी अशी आंबट भाजी तीत केली की थोडं लोह भाजीत उतरतं.

दोन गैरसमज मात्र सोडा. बीट लाल म्हणून त्यानं रक्त वाढतं असं नाही. खायला ते चांगलं, पण रंगावर जाऊ नका. आणि नुसता गूळ-शेंगदाणा खाऊन साडेसहाचं हिमोग्लोबिन बारा होत नाही. अन्न हा पाया आहे. रक्त फार उतरलं असेल तर औषध घ्यावंच लागतं.

गोळ्या कशा घ्याव्यात?

लोहाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रातून, आशाताईंकडून फुकट मिळतात. गरोदर बाईनं चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायची असते. शाळेतल्या मोठ्या मुला-मुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते.

अडचण अशी, की गोळी घेतल्यावर काहींना मळमळतं, शौचाला काळं होतं, पोट धरतं. मग गोळ्या फळीवर पडून राहतात. काळं शौच हा गोळीचाच रंग आहे, त्याला घाबरू नका. मळमळत असेल तर जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घ्या. चहाबरोबर, दुधाबरोबर घेऊ नका. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती वेगळ्या वेळी घ्या.

आठ दिवसांत गुण पाहू नका. पेरलं म्हणजे लगेच कणीस येत नाही. महिन्याभरानं पुन्हा बोट टोचून आकडा पाहा. तो वाढला नसेल तर डॉक्टरांना सांगा. दुसरं काही कारण असू शकतं. आणि आकडा नीट झाल्यावरही तीन महिने गोळ्या चालू ठेवा, म्हणजे अंगातली रिकामी झालेली लोहाची कणगी भरते.

एक सावधगिरी जरूर बाळगा. या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गोड समजून पोरानं मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं.

रक्त ठीक आहे, तरी थकवा?

मग पुढची कारणं पाहा. यांतली पुरुषांनाही तितकीच लागू आहेत.

मधुमेह: तहान फार लागते, रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं, खाऊनही वजन उतरतं. रक्तातली साखर तपासा. हा आता शहरवाल्यांचाच रोग राहिलेला नाही.

क्षय: दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन कमी. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी नि औषध दोन्ही फुकट आहेत.

थायरॉईड: वजन वाढतं, थंडी सोसत नाही, केस गळतात, शौचाला घट्ट होतं. बायकांत जास्त आढळतं. रक्ताच्या एका तपासणीत कळतं आणि गोळीनं आटोक्यात राहतं.

ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता: हातापायांना मुंग्या येतात, जीभ लाल-गुळगुळीत होते. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मांस यांतच असतं. सगळं दूध डेअरीला घालून घरात कोरा चहा पिणाऱ्या शाकाहारी घरांनी यावर विचार करावा.

सिकलसेल: नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या इतर भागांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. सांधे नि हाडं वारंवार दुखतात, डोळे पिवळे होतात. सोयरीक जमवण्याआधी मुला-मुलीची ही तपासणी करून घ्यावी. यात लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्याव्यात.

फवारणी: औषध मारून आल्यावर डोकं दुखतं, घाम सुटतो, अंधुक दिसतं, गळून जायला होतं, तो थकवा साधा नव्हे, विषबाधा असू शकते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना कितीतरी शेतकरी-शेतमजूर दगावले, ते विसरू नका. कपडे काढून साबणानं अंग धुवा, औषधाचा डबा बरोबर घ्या नि लगेच दवाखाना गाठा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं फवारू नका. हातमोजे, तोंडाला फडकं, पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच.

ऊन नि पाणी: उन्हाळ्यात अंगातलं पाणी नि मीठ घामावाटे जातं. बायका रानात आडोसा नसतो म्हणून पाणीच पीत नाहीत. मग डोकं दुखतं, लघवीला जळजळतं, गळाल्यासारखं होतं. ताक, पन्हं, लिंबू-सरबत घ्यावं. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ घातलं तरी चालतं. चमचे सपाट भरा.

मिश्री-तंबाखू आणि दारू: यांनी क्षणभर तरतरी आल्यासारखं वाटतं, भूक मात्र मरते. भूक मेली की अन्न नाही, अन्न नाही तर शक्ती कुठून?

मनाचा थकवा: कर्ज डोक्यावर आहे, पाऊस गेला, भाव पडला. माणूस बोलत नाही, झोपत नाही, कशातच मन लागत नाही. हाही खरा आजार आहे. अशा माणसाला एकटं सोडू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला बोलतं करा. १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन केला तर फुकट सल्ला मिळतो, मराठीतूनही.

केव्हा थांबू नये?

बसल्या जागी धाप लागणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, पायांवर नि तोंडावर सूज, शौचातून किंवा अंगावरून फार रक्त जाणं, गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली येणं. यांतलं काहीही असलं तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या. बाळंतपणात थोडं रक्त सगळ्यांचंच जातं. जिच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिला तेवढंही सोसत नाही. अशा वेळी घराचा आधारच निघून जातो, आणि मागे राहतात आईविना पोरं.

या आठवड्यात एवढं करा

घरातल्या सगळ्यांच्या पापण्या पाहा. ज्यांच्या फिकट दिसतील त्यांचं रक्त पुढच्या बाजाराच्या दिवशी तपासून आणा. नाहीतरी तालुक्याला जाणं होतंच. लोखंडी कढई खाली काढा. परड्यात शेवग्याची एक फांदी लावा नि लिंबाचं एक रोप लावा. रात्रीची झोप सात तासांची होईल असं पाहा, आणि पाणी, सरपण, धुणं यांतलं एक तरी काम घरातल्या पुरुषानं आपल्या अंगावर घ्यावं.

आणि आज रात्री एक करून पाहा. घरातली सगळी ताटं एकाच वेळी वाढा. तिलाही आपल्याबरोबर बसवा, भाजी आधी तिच्या ताटात वाढा आणि वर लिंबाची फोड ठेवा. ती नको नको म्हणेल. ऐकू नका. सारं घर ज्या दोन हातांवर चालतं, त्या हातांत रक्त हवं.